एकतीस बायकांचा खोकला

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी सात
नवीन वही. जुनीत नऊ पानं लिहून झाली होती, पण तिचा कागद शाई ओढायचा, म्हणून पुढं गेली नाही.
संकल्प एकच. ३१ मार्चच्या आत पीएच.डी.चा प्रबंध सादर करायचा. विषय: निपाणी भागातल्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांचं आरोग्य. नऊ वर्षं झाली. चौथी मुदतवाढ चालू आहे आणि ही शेवटची, असं युनिव्हर्सिटीनं पत्रात दोनदा लिहिलंय. दुसऱ्यांदा ठळक अक्षरात.
खरं तर काम झालेलंच आहे. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, पोती भरणाऱ्या ४१२ बायकांचे फॉर्म भरून झालेत. त्यातले चाळीस मी स्वतः भरले. बाकीचे नीलम मधाळे आणि तिच्या दोन मैत्रिणींनी. नीलम तेव्हा माझी विद्यार्थिनी होती, आता आमच्याच कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. फॉर्म कुणीही भरतं. दृष्टी माझी.
आता फक्त आकडे काढायचे. दोन दिवसांचं काम. फार तर अडीच.

मंगळवार, ७ जानेवारी
थंडी. गुडघे. आकडे उद्या.

गुरुवार, ९ जानेवारी. दुपार
युनिव्हर्सिटीनं एक ऑनलाइन स्टॅटिस्टिक्स टूल दिलंय. आपलं टेबल त्यात चढवायचं, कॉलम निवडायचा, बटण दाबायचं, आकडा येतो. नीलम स्टाफरूममध्ये म्हणाली, सर, अर्धा तास बसू या, मी दाखवते. नको म्हटलं. सव्वीस वर्षं समाजशास्त्र शिकवतोय, बटण दाबायला शिकवणी कशाला? ती म्हणाली, मग निदान फाइल तरी मला पाठवून ठेवा. तेही नको म्हटलं. फॉर्म माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडं, टेबल माझ्या अकाउंटवर. संशोधनात शिस्त लागते.
पासवर्ड तीनदा चुकला. टूलनं पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. थांबलो. डोळा लागला.

शनिवार, ११ जानेवारी. सकाळी अकरा
टेबल चढलं! ४१२ ओळी, ३८ कॉलम. प्रत्येक ओळ म्हणजे एक बाई.
कॉलमच्या डोक्यावर फनेलसारखं चिन्ह आहे. त्याला फिल्टर म्हणतात. 'गाव' या कॉलमवर दाबून 'अकोळ' निवडलं आणि घात झाला. ५७ ओळी उरल्या. ३५५ बायका गायब. टेबल परत चढवलं. परत तेच केलं, परत गायब. असं पाचदा. इंटरनेट कंपनीला फोन लावला, लागला नाही.
मग टेबलाच्या खाली बारीक अक्षरात दिसलं: ४१२ पैकी ५७ ओळी दाखवल्या आहेत. म्हणजे ओळी जात नाहीत. आपण घातलेल्या अटीत बसतात तेवढ्याच दिसतात, बाकीच्या मागं राहतात. फिल्टर काढला की सगळ्या परत.
हे कुणी न सांगता समजलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. जेवताना सौ.ला समजावून सांगितलं की फिल्टर म्हणजे एक प्रकारची चाळणी. ती म्हणाली, आणि न्हाय दिसल्या त्या बायका तवर कुटं असत्यात? प्रश्न तांत्रिक नव्हता. भात वाढून घेतला.

गुरुवार, १६ जानेवारी. दुपारी साडेतीन
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.
कॉलम २२: 'खोकला आहे का?' फिल्टर लावला. अट: बरोबर 'होय'. बटण दाबलं. आकडा आला: एकतीस.
४१२ पैकी ३१. साडेसात टक्के!
खुर्चीतून उठलो, परत बसलो. इतकी वर्षं सगळे म्हणत आले की तंबाखूच्या धुळीनं बायकांच्या छात्या खराब होतात. कुणी मोजलं होतं? मी मोजलं. साडेसात टक्के खोकला तर आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा असेल.
कारणही सुचलं. रोज थोडी थोडी धूळ पोटात गेल्यानं शरीर तयार होत असणार. याला नाव दिलं: सवयीची प्रतिकारशक्ती. प्रकरण पाचवं. जमलं तर सगळा प्रबंध याच्यावरच.

शुक्रवार, १७ जानेवारी
बेळगावला गाईडना फोन केला, डॉ. बाळेकुंद्री सरांना. साडेसात टक्के सांगितले. मग ते म्हणाले, नोडोण. कानडीत नोडोण म्हणजे बघू या. नऊ वर्षं ते मला हेच म्हणतात, पण आजच्या नोडोणमध्ये वजन होतं.

बुधवार, २२ जानेवारी
चिकोडीला 'श्वासमित्र' नावाची संस्था आहे. तिचे डॉ. दीपंकर कॉलेजात आले. छाती तपासायची त्यांची एक गाडी आहे, आत यंत्र आणि डॉक्टर. यंदा ती दोनच दिवस मोकळी आहे. निपाणीच्या वखारींवर पाठवायची की बेळगावच्या बाजूला खडीच्या क्रशरवर, ते ठरत नाही. म्हणाले, तुमच्याकडं आकडे आहेत असं ऐकलं.
खोकला फक्त साडेसात टक्के, असं एका पानावर लिहून दिलं. खाली सही: प्रा. रवळू सांबरेकर. टायपिंग सुबक आलंय.
नीलम तिथंच होती. डॉक्टर गेल्यावर तिनं विचारलं, सर, त्या कॉलममध्ये कोणकोणती उत्तरं आहेत ती यादी आधी बघितलीत का? म्हटलं, 'होय' आणि 'नाही', अजून कोणती असणार? ती म्हणाली, माझी आईच चौदा वर्षं खोकतीय सर, तिचाही फॉर्म त्यात आहे. मी शांतपणे सांगितलं की एक उदाहरण म्हणजे डेटा नव्हे. हे मी तिला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. ती हजेरीपत्रक उचलून वर्गावर गेली. पटलं असावं.

सोमवार, ३ फेब्रुवारी
गाडी क्रशरवर गेली. डॉक्टरांनी आभाराचा मेसेज पाठवला. संशोधनाचा समाजाला असा थेट उपयोग होतो.
प्रकरण पाचवं: शीर्षक लिहून झालं.

शनिवार, ८ फेब्रुवारी. बेळगाव
चर्चासत्रात निबंध वाचला. सकाळी खडेबाजारात जाऊन जाकीट घेतलं, बाह्या लांब निघाल्या. हॉलमध्ये चौदा माणसं, त्यातली नऊ व्यवस्थेतली. बाळेकुंद्री सर पहिल्या रांगेत डोळे मिटून एकाग्र ऐकत होते. प्रश्न एकही आला नाही. मुद्दा पक्का असला की प्रश्न येत नाहीत.
परतीच्या बसमध्ये उभा. हत्तरगीला जागा मिळाली. पाय सुजले.

सोमवार, १७ फेब्रुवारी. संध्याकाळी पाच
दुपारी ओमकारशेठचा फोन. त्यांची वखार इथली मोठ्यांपैकी. म्हणाले, सर, तुमी लई चांगलं काम केलासा, एकदा येऊन जावा. गेलतो.
वखारीच्या दारातच बोर्डावर माझं पान! कॉलेजच्या ऑफिसातून मागवलेली प्रत, प्लास्टिकमध्ये घालून, चारी कोपऱ्यांना पिना. साडेसात टक्के आणि खाली माझी सही. मोबाइल काढून फोटो घेतला.
ओमकारशेठनी चहा सांगितला. म्हणाले, वर्षभर या बायका धूळ ओढणारा पंखा बसवा म्हणून मागं लागल्यात्या, तुमच्या कॉलेजातली त्यांची नीली बी अर्ज घेऊन आल्ती. आता त्यांना हा कागद दाखवतो. प्रोफेसरनं लिवलंय म्हटल्यावर गप बसत्यात.
चहा गोड होता. पिऊन टाकला.

त्याच दिवशी, सहा वाजता
वरच्यात लिहायचं राहिलं. बाहेर पडताना चाळण चालू होतं तिकडून आलो. आत धुक्यासारखी धूळ. माझा रुमाल नाकावर होता. एक म्हातारी बाई तोंडाला पदर बांधून मोठी चाळणी हलवत होती. मला बघून थांबली. नीलमची आई, सोनुबाई. बोलायच्या आधी ती बराच वेळ खोकली. मी उभा राहिलो, दुसरं काय करणार.
मग तिनं विचारलं ते असं: सर, नीलीनं आमाला इचारलं, खोकला हाय का. आमी सगळ्यांनी व्हय म्हटलं. तिनं आमच्या म्होरं लिवून घेतलं. मग आमचं व्हय कुटं गेलं?
म्हटलं, शास्त्राची पद्धत असते, बाई. ती म्हणाली, आसंल. आणि चाळणी हलवायला लागली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. सकाळी
काल नीट जेवण गेलं नाही. वांगी तिखट होती.
कॉलेजात तास नाही, म्हणून सहज टूल उघडलं. संशय वगैरे काही नाही. 'होय'ची अट काढून उलटी अट घातली: 'नाही' सोडून बाकी सगळ्या. साडेसात टक्क्यांच्या जवळ यायला हवं होतं.
३३८ आल्या. ब्याऐंशी टक्के.
त्याच बायका, तोच कॉलम, तेच मशीन. टूलमध्ये दोष आहे. कंपनीला कडक मेल लिहायला घेतली. इंग्रजी शब्द सुचेनात. लॅपटॉप मिटला.

बुधवार, १९ फेब्रुवारी
रजा टाकली. पडून होतो. सौ.नं विचारलं, तुमचं चाळण झालं का? कूस बदलली.

गुरुवार, २० फेब्रुवारी. दुपारी दोन
नीलमला बोलावलं. सांगितलं की टूल बिघडलंय, जरा बघ. तिनं खुर्ची ओढली आणि कॉलमच्या डोक्यावर एकदाच दाबलं. यादी उघडली. मला ती यादी माहीतच नव्हती. वहीत उतरवून घेतो:
व्हय २०३, होय ३१, हो २७, इंग्रजीत यस १४, नुसतं 'लई' ६.
नाही ७४, न्हाय ४९, इंग्रजीत नो ३, कोरं ५.
मी फक्त 'होय' चाळलं होतं. मशीनला 'व्हय' म्हणजे 'होय' हे ठाऊक नाही, असं नीलम म्हणाली. त्याला अक्षरं दिसतात. खोकला असलेल्या बायका २८१. अडुसष्ट टक्के.
मी म्हटलं, नीलम, चूक तुझीच आहे. प्रमाण मराठीत लिहायचं सोडून व्हय काय, लई काय! ती उठली, माझ्याच कपाटातून कोरा फॉर्म काढला, मागची बाजू वर केली. सूचना चौथी: उत्तर कामगार स्त्रीच्याच शब्दांत नोंदवावं. खाली माझी सही. २०१९ची, तेव्हा सही जरा ठळक करत होतो.
मी विचारलं, मग हे एकतीस 'होय' कुणी लिहिले? विचारायला नको होतं. तिनं 'फॉर्म कुणी भरला' या कॉलमवर फिल्टर लावला. एकतीसच्या एकतीस माझ्या. मी भरले ते चाळीस फॉर्म. बायका माझ्याही पुढं व्हय म्हणाल्या असणार आणि मी सुधारून होय केलं असणार.
म्हणजे मी स्वतः विचारलेल्या चाळीसपैकी एकतीस बायका खोकत होत्या. मीच ऐकलं, मीच लिहिलं. आठवत नाही. ते फॉर्म ओमकारशेठच्या ऑफिसात बसून भरले होते, पंख्याखाली.
नीलम म्हणाली, सर, आजच दुरुस्तीचं पत्र द्या. म्हटलं, आजच देतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
पत्राचा मसुदा केला. पहिलं वाक्य: 'काही तांत्रिक कारणांमुळे'. खोडलं. डोकं दुखतंय. उद्या.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
मसुदा सहावा. परीक्षेचं सुपरव्हिजन आहे. घाईत लिहिलेलं पत्र चुकीचा संदेश देतं. शिवाय प्रबंध सादर होईपर्यंत थांबलं तर तळटीपेत नीट सांगता येईल. नीलम कॉरिडॉरमध्ये भेटली. आधी सर म्हणायची, आज नुसतं नमस्कार.

मंगळवार, ४ मार्च. सकाळी दहा
आज सौ. बाजारातून आली ती पिशवी न ठेवताच बोलायला लागली. भाजीच्या गाड्यावर वखारीतल्या बायका भेटल्या. त्यातली यशोदाबाई तिला म्हणाली, आक्का, तुमच्या सरांनी आमचा पंखा घालवला. सौ.नं मला विचारलं, व्हय का हो?
तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सलग सांगितलं, फिल्टरसकट. ती ऐकून घेत होती. मग एवढंच म्हणाली, चुकलंय तर चुकलंय म्हणून लिवा की. सहा कागद कशाला पायजेत?
बसून नवीन पत्र लिहिलं, अकरा ओळी झाल्या. 'माझी चूक' हे शब्द दुसऱ्या ओळीत आहेत. सही लहान केली.

बुधवार, ५ मार्च
वखारीत गेलो. ओमकारशेठनी पत्र वाचलं, घडी घातली. म्हणाले, सर, पयला कागदच बरा हाय, टायपिंग सुबक आलंय. आणि हसले. मी म्हटलं, तो काढा. ते म्हणाले, बघू.
बाहेर आलो, बोर्डापाशी थांबलो. पिना घट्ट बसवल्या होत्या. एक वाकली, एक बोटात गेली. पण पान काढलं आणि त्या जागी अकरा ओळी लावल्या. वॉचमन गुंडू बघत होता. त्यानं विचारलं, सर, वरच्यांनी सांगितलंय का? म्हटलं, व्हय. हे खोटं होतं. यादीत धरू नये.
मग चिकोडीला डॉ. दीपंकरना फोन. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, गाडीचे दोन्ही दिवस संपले, पण नीलम मॅडमनी जानेवारीतच लिहिलं होतं की त्या आकड्याची त्यांना शंका आहे. म्हणून मी दुसऱ्या तालुक्याचा मार्चमधला एक दिवस काढून बाजूला ठेवलाय. दोन नाही, एक.
जानेवारीत! माझ्या परवानगीशिवाय! शिस्त म्हणून राहिली नाही. बरं केलं.

बुधवार, १२ मार्च
बाळेकुंद्री सरांना नवीन आकडा कळवला. या वेळी ते नोडोण म्हणाले नाहीत. म्हणाले, सांबरेकर, साडेसात टक्के नवीन होतं पण खोटं होतं. अडुसष्ट टक्के खरं आहे, पण ते सगळ्यांना माहीत आहे. मग या प्रबंधात तुमचं काय उरलं?
विचार करून सांगतो म्हटलं. विचार केला. जाकीट परत घेतात का ते बघायला हवं.

गुरुवार, २० मार्च. वखारीच्या आवारात. संध्याकाळ
गाडी आली. टेबलावर नावं लिहून घ्यायला माणूस कमी पडला, मी बसलो. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं की हे काम नीलम मॅडमच्या अभ्यासामुळं झालं, आणि सांबरेकर सरांचं सहकार्य. दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. उकडत होतं. राहू दिलं.
एका दिवसात ६४ बायका झाल्या. रांगेत दीडशेवर होत्या.
ओमकारशेठनी पंखा बसवलेला नाही. बायका नीलमबरोबर माझ्या अकरा ओळी घेऊन त्यांच्या टेबलापुढं दोन तास उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी मागच्या भिंतीतल्या दोन खिडक्या उघडून दिल्या. कित्येक वर्षं फळ्या मारून बंद होत्या. आज त्यातून उजेड येत होता. उजेडात धूळ जास्त दिसते.
सोनुबाईचा नंबर जेवणाच्या सुट्टीत आला. नळीत फुंक मार म्हटलं, तिला तीनदा जमलं नाही, चौथ्यांदा थोडं जमलं. डॉक्टरनं कागद बघितला, नीलमकडं बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं की मावशी, धुळीचं काम आता थांबवा, नाहीतर पुढं अवघड आहे. सोनुबाई म्हणाली, थांबवतो की. आणि मग करू काय, ते बी त्यात आलंय का बगा जरा. नीलमनं आईचा हात धरला होता, तो तिनं सोडवून घेतला, पदर तोंडाला बांधला. सुट्टी संपली होती. आत गेली.
नीलम बराच वेळ दाराकडं बघत उभी होती. मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं.

सोमवार, ३१ मार्च
शेवटची तारीख. सुट्टी असल्यामुळं युनिव्हर्सिटी बंद. त्यामुळं काही झालं नाही असं म्हणता येईल.

बुधवार, २ एप्रिल. सकाळी दहा
निर्णय झाला. बाळेकुंद्री सरांना सविस्तर मेल पाठवली. दोन पानं. मी या विषयातून नाव मागं घेतो, सर्व फॉर्म आणि टेबल नीलम मधाळे यांच्या हवाली करतो, त्यांना याच विषयावर नोंदणी द्यावी. कपाटाची किल्ली सकाळीच तिला दिली. ती म्हणाली, सर, खरंच? म्हटलं, व्हय.
सर आग्रह करणार हे उघड आहे. नऊ वर्षांचे संबंध. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. पहिल्यांदा ठाम नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा तब्येतीचं सांगायचं. तिसऱ्यांदा फारच ओढ घेतली तर म्हणायचं, विचार करतो.
फोन चार्ज करून टेबलावर ठेवलाय.

त्याच दिवशी, दहा वाजून नऊ मिनिटं
सरांची मेल आली. नऊ वर्षांत त्यांचं उत्तर इतक्या लवकर कधी आलं नव्हतं. पूर्ण मजकूर: ओके. थँक्स. मिस मधाळे यांना सोमवारी पाठवा.
खाली अजून काही असेल म्हणून स्क्रोल केलं. सही होती.